दुल्माचा खार्ताब्खा

दुल्माला ताटातल्या पदार्थांची नावं मोठ्याने घेतल्याशिवाय घास उतरत नसे. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात ती स्वयंपाकी, मी आहारतज्ज्ञ. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर डबा उघडून ती म्हणाली, "खार्ताब्खा, खिलेमेन." बटाटा आणि पाव. तिची भाषा बुर्यात. बैकाल सरोवराकाठची, मंगोल भाषांच्या कुळातली.

साठीची, बुटकी, गालांवर कायम लाली. लेकीच्या मागोमाग इकडे आलेली. नवा माणूस कामात रुळला की म्हणायची, "याने आमचं पाणी प्यायलं." सहा वर्षांच्या नातीशी, अलीनाशी, फोनवर अखंड बुर्यात चालायचं.

एकदा मात्र तिला नातीशी फोनवर इंग्रजीत अडखळताना ऐकलं. विचारलं, तर डोळे भरून आले. पिकनिकला भेटलेला एक मंगोल तरुण तिची ताटातली नावं ऐकून हसला होता, "आजी, हे सगळे रशियन शब्द आहेत!"

"खरंच आहेत गं," दुल्मा म्हणाली. "रशियन स्तोल, आमचं ओस्तोल. टेबलसुद्धा आमचं नाही. असली भेसळ पोरीला कशाला शिकवू?"

"माझी आई स्टुलाला इस्टूल म्हणते," मी म्हटलं. "आणि आमच्या वसईत पोर्तुगीज होते. बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, साबण, चावीसुद्धा. म्हणून मी मराठी बोलायची थांबू?"

तिने विचारलं, "पोर्तुगीज माणसाला बटाटा कळेल?"

"कळेल. पण 'बटाट्याची भाजी कर' म्हटलं तर बघत बसेल."

दुल्मा एवढ्या जोरात हसली की भांडी घासणारे वळून बघायला लागले. "खार्ताब्खा म्हटलं की रशियन माणूसही बघत बसतो! आमचं पाणी प्यायलाय तो शब्द!" तिथेच तिने नातीला फोन लावला आणि मोकळेपणी बुर्यात सुरू केलं.

गेल्या वर्षी ती लेकीबरोबर ब्रिस्बेनला गेली. परवा फोनवर तक्रार करत होती, "अलीना आता इथल्या इंग्रजी 'आर्वो'ला, म्हणजे दुपारला, बुर्यात प्रत्यय लावते. त्याला आमच्याकडे चांगला शब्द आहे गं!"

"मग रागावलीस का?"

"वेडी आहेस का? तिला पुढचं वाक्य बुर्यातमध्येच सुचत होतं. मी मध्ये बोलले नाही."