सुकट, संशय आणि क्वामे भोईर

आमच्या क्लबाच्या चार माणसांना चहाला बसवा, आठ किस्से निघतात. त्यातल्या सहांमध्ये मी कुणावर तरी संशय घेतलेला असतो! माझा नाइलाज आहे हो. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं कामगारांचे डबे तपासले. ऑफिसच्या रजिस्टरवरही माझा भरवसा नव्हता, म्हणून ज्याच्यावर संशय, त्याच्या नावाची वेगळी वही करून रोज त्याची सही घ्यायचो आणि वही घरी न्यायचो. रिटायर झालो आणि बदलापूरच्या फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी झालो. डबे गेले, खेळाडू आले.

*

ट्रायलला एक उंच, काळाभोर, कुरळ्या केसांचा पोरगा आला. फॉर्मवर नाव : क्वामे भोईर. गाव : चामटोली.

म्हटलं, कुणीतरी आफ्रिकेतून प्लेअर आणून भोईरांच्या नावावर खपवतोय! विचारलं, "भोईर कसा रे तू?"

"बाबा चामटोलीचे, आई घानाची. बाबा तिकडच्या मिलमध्ये फिटर होते. ते गेल्यावर मी आत्याकडे आलो." मराठी स्वच्छ. तेवढ्यानं माझा संशय दुप्पट झाला.

"आत्याला फोन लाव. स्पीकरवर."

मी नाव सांगताच आत्या कडाडली, "कोन? सावंत? तू त्यो फाटकावरचा काय रं? माझे भावाचा डबा रोज उघडायचास ना! काय गावला तुला? सुकट!"

अख्ख्या ग्राउंडनं ऐकलं. मी फॉर्मवर शिक्का मारला.

*

उल्हासनगरच्या टीमचे मॅनेजर म्हणजे जीन्सचा कारखाना असलेले एक शेठ. क्वामेला बघताच ओरडले, "सावंतसाहब, फॉरेनर खिला रहे हो! ऑब्जेक्शन!" स्पर्धेत एक परदेशी चालतो, हा नियम मी छापील दाखवला. आम्ही तीन-शून्यनं जिंकलो.

मॅच संपल्यावर बघतो तर शेठ क्वामेच्या खांद्यावर हात टाकून कोपऱ्यात कुजबुजतायत. झालं! पोरगा फोडतायत! मी बॉलच्या जाळीमागे वाकून कान लावला.

शेठ विचारत होते, "बेटा, तेरी मम्मी के उधर जीन्स का मार्केट कैसा है?"

*

मग गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबानं त्याला उचललं. पासपोर्ट घानाचा, म्हणून परदेशी खेळाडूंच्या कोट्यात. करार वाचायला मला बरोबर नेलं होतं. मी प्रत्येक पान उजेडात धरून बघितलं.

त्यांचा मॅनेजर म्हणाला, "जर्सीवर भोईर नको. लोक म्हणतील, फॉरेनर सांगून बदलापूरचा माणूस दिला. आईचं आडनाव टाकू, मेन्सा."

क्वामे म्हणाला, "मेन्सा मी बुटांवर लिहितो. गोल तेच मारतात. पाठीवर भोईरच राहू दे."

पहिल्या मॅचला स्टँडमधून आवाज आला, "हा कसला फॉरेनर!" दुसऱ्या गोलनंतर तो माणूस गप्प बसला. मी त्याच्यावर लक्ष ठेवून होतो.

*

तीन सीझन झाले आणि घानाहून फोन आला : राष्ट्रीय संघाच्या कॅम्पला ये. त्याच आठवड्यात क्वामे कात्रपला माझ्या फ्लॅटवर आला. माझी खात्रीच झाली, पोरगा निरोप घ्यायला आलाय.

"काका, मला इंडियाकडून खेळायचंय. त्यासाठी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागेल."

"आणि आई?" मी विचारलं.

"आई म्हणाली, बाबांनी तिच्यासाठी त्यांचा सोडला होता. आता एक त्यांच्या देशाकडे परत गेला तर हिशेब बरोबर." बोलताना त्याचे डोळे भरले होते. त्या वेळी मात्र मला संशय आला नाही.

*

नागरिकत्वाचा अर्ज गेला. बाकी सगळे कागद होते, पण बाप इथलाच होता हे दाखवणारा एकही जुना कागद मिळेना. जुना पासपोर्ट त्यानं कधीच जमा केलेला, जन्माची नोंद सापडत नव्हती, शाळा आणि कारखाना दोन्ही बंद पडलेले. चौकशीला हवालदार चामटोलीत आला. आत्या रडवेली झाली. "माझा भाव हितलाच हाय वो! मी सांगते ना!" हवालदार म्हणाला, "मावशी, नातेवाइकाचं तोंडी चालत नाही. लिहिलेलं काही आहे का? नाहीतर अर्ज अडकेल."

मी रिक्षा करून घरी गेलो, माळ्यावरून वही काढली आणि तासाभरात परत आलो.

हवालदार मोठ्यानं वाचू लागला. "बाळाराम भोईर, फिटर, राहणार चामटोली. डबा तपासला. सुकट. संशय कायम."

पान उलटलं. बाळाराम भोईर. सुकट. संशय कायम. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच. दर ओळीला तारीख, वेळ आणि शेवटी बाळारामची सही.

"किती वर्षं?" हवालदारानं विचारलं.

"अकरा," मी खाली मान घालून म्हणालो.

"अकरा वर्षं रोज संशय घेतलाय ना? मग माणूस इथलाच!" त्यानं मोबाइल काढून एकेका पानाचा फोटो घेतला, आत्यानं दिलेला चहा प्यायला आणि माझा जबाब लिहून घेतला.

क्वामे त्या सह्यांवरून बोट फिरवत होता. म्हणाला, "काका, बाबांच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही. ही वही मला द्याल?"

दिली. पण अशीच कशी देईन? शेवटच्या कोऱ्या पानावर पोच लिहून घेतली, ते पान फाडून खिशात ठेवलं आणि घरी येऊन चष्मा लावून तपासलं.

"क्वामे बाळाराम भोईर, राहणार चामटोली. वही मिळाली."

आणि खाली, मी सांगितलेलं नसताना : "सुकट होतंच, काका. पण खाली तुमच्या कारखान्याचा एक स्पॅनर असायचा. बाबा सांगायचे."