काकूच्या चार ओळी ज्वारी

सगळ्या शिवारात हरभरा असला तरी सुभद्राकाकू बांधालगत चार ओळी ज्वारी टाकायचीच. कणसं भरली की अख्ख्या शिवाराची पाखरं त्या चार ओळींवर तुटून पडायची. दुसरीकडं ज्वारी होतीच कुठं? एक दाणा घरात यायचा नाही. लोक हसायचे. काकू म्हणायची, "खाऊ द्या की. दाणा त्यांचा, कडबा माझा."

कडबा लागायचा पुढच्या येळवसेच्या कोपीला. आमच्या उदगीरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला घरदार शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि भज्जी, उंडे, आंबिलीवर आडवा हात मारायचा. काकूचा सुधाकर पुण्याला, मी तिचा पुतण्या लातूरला. वर्षातून तेवढा एक दिवस आम्ही सगळे मातीत मांडी घालून बसायचो. काकूचा सगळा जीव त्या दिवसात होता.

एका साली कडबा कमी पडला, तर बाईनं वरून हिरवी शेडनेट बांधली. माझं तोंड वाकडं झालं. "काकू, ही काय कोप झाली?"

"माझ्या सासूची आंबील मातीच्या बिंदग्यात यायची. मी स्टीलच्या कॅनात आणते. पांडव उपाशी गेले का रे? तू आलास, झालं की."

मी कोपीत शिरून पेला पुढं केला. आंबील नेहमीसारखीच आंबट होती.

आण्णाकाका, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा भावकीनं बजावलं, वर्षभर सण धरत नाहीत. काकूनं डोळे पुसले आणि कोप घातली. लोक नाही नाही ते बोलले. मला म्हणाली, "दत्ता, एक साल चुकलं की पोरांचे पाय पुन्हा वळत न्हाईत. मी मेले तरी कोप घाला."

आणि ती गेली, ऐन हरभऱ्याच्या पेरणीत. सुधाकर म्हणाला, यंदा काही नाही, आईचं वर्ष पाळायचं. मी भांडलो. तो रडायला लागला. "आई गेली अन् मी भज्जी खात बसू?" मायेपोटीच बोलत होता; त्या साली कोप झाली नाही. पुढच्या साली त्यानं रान बटईनं दिलं, आणि येळवसेला त्याला सुट्टी मिळाली नाही.

मी एकटाच गेलो. बटईदारानं बांधापर्यंत हरभरा पेरला होता. त्याची काही चूक नव्हती. पण चार ओळी ज्वारीला जागा नव्हती, कोपीला कडबा नव्हता; मी बांधावरच मांडी घातली. डबा उघडला. येळवसेला वाटसराला बोलावल्याशिवाय जेवत नाहीत, म्हणून एका मोटारसायकलवाल्याला हात केला. ओळख ना पाळख, पण तो गाडी लावून आला, बसला. मग इकडंतिकडं बघायला लागला.

"हरसाल हितं एक म्हातारी हाक मारती. गेल्या साली कुणीच दिसलं न्हाई. देगलूरला जाताना मी मुद्दाम ह्याच रस्त्यानं येताव. कुठाय ती?"

"यायली, वाटंतच हाय," मी म्हणालो. "तुमी जेवा."

तो जरासा सरकला आणि शेजारी तिच्यापुरती जागा करून जेवायला लागला.