बिघडलं तर निरोप धाड

बंद पडलेल्या गाडीजवळून हा माणूस कधी गुमान पुढे गेल्याचं कुणी दाखवून दिलं, तर मी माझा शिवणाचा क्लास बंद करीन. डिचोलीच्या खाणीवर तो ट्रकांचा मेकॅनिक होता, मूळचा सावंतवाडीकडचा. जेवताना बाहेरून ट्रक गेला की घास हातात धरून ऐकायचा आणि सांगायचा, हा उद्या चढावावर बसणार. ट्रक बसायचाच. एकदा स्मशानाच्या वाटेवर अडलेली गाडी त्याने इतक्या हौसेने चालू करून दिली, की रडणाऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. आमची ओळखही अशीच झाली. डिचोलीहून येणारी माझी बस बंद पडली, तेव्हा हा प्रवासी पांढऱ्या शर्टानिशी तिच्याखाली शिरला, काळा होऊन बाहेर आला आणि माझ्याकडे केसांतली पिन मागू लागला. त्या पिनेवर बस माझ्या गावापर्यंत, कोरगावपर्यंत पोचली. पिन काही परत मिळाली नाही.

मग एका शनिवारी मी दोरे आणायला म्हापशाला गेले असताना तो स्कूटरवर भेटला. "चल पणजेक," म्हणाला, "मिरामारचो सूर्य बघून येवया." एवढंच. असा विचार न करता निर्णय मी आयुष्यात तो एकच घेतला. पणजीच्या मावशीकडे राहते आहे असा घरी निरोप पेडण्याच्या बसच्या कंडक्टरकडे दिला आणि मागे बसले. बेतीच्या धक्क्यापर्यंत आम्ही तीन ट्रक आणि एक रिक्षा दुरुस्त केली. आम्ही म्हणजे तो. मी पाने धरून उभी होते आणि खोटं कशाला सांगू, आनंदात होते. फेरीबोटीत बसल्यावर तिच्या इंजिनाकडे त्याचे कान गेले, तेव्हा मात्र मी त्याची बाही धरून ठेवली. पणजी येईपर्यंत सोडली नाही. तोवर त्या दिवशीचा सूर्य कधीच बुडाला होता.

मावशीने मला आत आणि त्याला बाल्कनीत झोपवलं. सकाळी उठून पाहते तर मावशीचा पंखा, मिक्सर आणि गळका नळ ठीकठाक, आणि हा खाली पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलची साखळी बसवतोय. साऱ्या गल्लीला त्या दिवशी उंडे उशिरा मिळाले. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मावशीच्या दोन शेजाऱ्यांत कोंकणी-मराठीवरून बोलणं बंद होतं, तर याने दोघांचे रेडिओ एकाच स्टुलावर ठेवून दुरुस्त केले. मावशी पोळ्या लाटता लाटता मला हळूच म्हणाली, "मनीस बरो गो. पूण ताका फकत बिघडिल्लें दिसता." माझं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. हीच पंचाईत होती.

संध्याकाळी मिरामारला पोचलो, सूर्य टेकायला आला होता. तो काहीतरी बोलणार हे मला त्याच्या घसा खाकरण्यावरून कळलं. तेवढ्यात रस्त्यावर वरातीची गाडी अडली. तो परतला तेव्हा समुद्रावर नुसता लाल पट्टा उरला होता. "गाडयेत नवरो बसललो, गो," तो म्हणाला. "तेका उशीर कसो करतलंय?" मग त्याने माझ्यापुढे हात केला, त्यावरचं काळं तेल पाहिलं आणि मागे घेतला. मी तो धरायला हवा होता. साडी नवी होती म्हणून नाही, लाजले म्हणून राहिले.

पुढे एकदा तो कोरगावला माझं शिवणयंत्र दुरुस्त करायला आला. त्याच्या पेटीत पान्यांच्या शेजारी माझी पिन कागदात गुंडाळून ठेवलेली मी पाहिली. पाहिली आणि पेटीचं झाकण लावलं. जाताना त्याला म्हटलं, येत जा. तो गोंधळला. "बिघडला तर निरोप धाड," म्हणाला. "कामाशिवाय येवचा कसा?" त्यानंतर तो मुरगाव बंदरात यंत्रांवर कामाला लागला. फार लांब नाही. दोन बस आणि एक फेरी.

पण कामच असं चोख करून गेला, की यंत्र बिघडेना. दोनदा मी स्वतःच त्याचा एक स्क्रू सैल केला आणि दोनदा परत आवळला. खोटा बिघाड त्याने दारातूनच ओळखला असता. आणि खरं काय बिघडलं होतं, ते बसच्या कंडक्टरकडून सांगून पाठवण्यासारखं नव्हतं. यंत्र अजून चालतं, एक टाका चुकवत नाही.