नाव न घेता

मुरबाडच्या एसटी स्टँडवर मला सोडायला तिघं आली होती. आई, बाबा आणि ताई. ताईचं लग्न होऊन बाराच दिवस झाले होते. पहिल्या माहेरपणाला आली होती ती, हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. कल्याणची गाडी लागली तेव्हा बाबा म्हणाले, "गावाचं नाव सांग रे सगल्यांना. घरातलं सांगू नको." आईने बॅगेची चेन दोनदा ओढून पाहिली. ताईने मोबाइल काढला आणि आपल्या हळदीचं रेकॉर्डिंग ब्लूटूथने मला पाठवायला घेतलं. गाडी हलली तरी ते पुरतं आलं नव्हतं. ती फोन वर धरून खिडकीखाली चालत राहिली. "घरची आठवण आली का ऐकत जा," म्हणाली.

रेकॉर्डिंगमध्ये आमची आत्या धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, गाते. गावच्या मंडळींना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्या मुलांसाठी सांगतो. आमच्याकडे हळदीला धवळे म्हणणारी बाई लागते, आणि ती गाण्यात नवरीचं नाव गुंफते. नाव घातलं की ते गाणं त्या नवरीचं होतं. आत्याने ताईचं नाव घातलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला ते माहीत आहेच.

घाटकोपरला मामेभावाच्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो. आठवडाभर कुरिअर टाकायचो, रविवारी मैदानात पोरं गोल करून आळीपाळीने रॅप करायची तिथे जायचो. मी "नाय" म्हटलं की पोरं हसायची. म्हणून मी मुद्दाम तसंच बोलायला लागलो. एका रविवारी आत्याचा आवाज बीटवर बसवला, ताईच्या नावाची ओळ चारदा फिरवली आणि मधल्या जागेत माझं म्हणणं कोंबलं. पहिल्यांदा सलग ऐकलं तेव्हा मला रडू फुटलं होतं. घरची आठवण आली होती, दुसरं काही नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंत. गाणं रिक्षात वाजलं, मंडपात वाजलं. एका म्युझिक कंपनीने कागद पुढे केले, मी न वाचता सह्या केल्या. मग सिनेमा आला. त्यात मी हिरोचा मित्र होतो आणि इंटरव्हलच्या आत मरत होतो. मग टी-शर्टचा धंदा काढला. छातीवर मोठ्या अक्षरांत ताईचं नाव. तो चांगला चालला, अजूनही चालतो. आत्याला मात्र हळदीची बोलावणी कमी झाली, कारण तिचा आवाज आता डीजेकडेच होता.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ताई माहेरी परत आली, ती कायमचीच. का, ते दोन्ही घरांना ठाऊक आहे. बाबांचं ऐकायला मी उशिरा शिकलो, पण शिकलो. त्या हंगामात तालुक्यात एकही हळद अशी झाली नाही जिथे तिचं नाव वाजलं नाही. ती लग्नकार्याला जायची बंद झाली. आईने हे मला फोनवर सांगितलं होतं. मी "हो का" म्हणालो आणि शूटिंगला गेलो.

नंतर पाण्याचं आंदोलन झालं. तानसा धरणाच्या काठची गावं टँकरची वाट बघतात आणि त्यांच्या शेजारून पाइप मुंबईला जातो, हे काही मी शोधून काढलेलं नाही. पण शहापूरला तहसील कचेरीसमोर उभं राहून मी त्यावर रॅप केला. "आमचं होतं ते आमाला न विचारता नेलंत," ही ओळ पोरांनी उचलून धरली. पेपरात फोटो आला. त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. ती कधी स्वतःहून फोन करत नसे.

"पाणी न विचारता नेलं बोलतोस, बरोबर हाय तुझं," ती म्हणाली. "मला विचारलं होतंस का रे?"

तिने फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

टी-शर्टचं दुकान माझ्या हातातलं होतं, तरी ते बंद करायला मी आणखी चार महिने लावले. अजून चालतो असं वर लिहिलं, ते म्हणजे माझ्याशिवाय चालतो. आता दुसरे कोणी छापतात. कंपनीकडे गेलो, म्हटलं गाण्यातून नाव काढा. समोरचा माणूस सगळ्यांशी नम्रपणे बोलणारा होता. म्हणाला, "सर, नावावरच तर गाणं चालतंय." मी नाव नसलेलं नवं गाणं स्वतः केलं. ते कोणी ऐकत नाही.

यंदा म्हसा गावच्या जत्रेत माझा कार्यक्रम होता. आमच्या घरापासून जत्रा चालत अर्ध्या तासावर, भोंग्याचा आवाज आमच्या ओटीपर्यंत येतो. लोकांनी तेच गाणं मागितलं. नावाची जागा आली तशी मी बीट थांबवली आणि गप्प राहिलो. ठरवूनच आलो होतो. अख्ख्या मैदानाने ताईचं नाव घेतलं. मी पुन्हा थांबलो, ते पुन्हा ओरडले. त्यांना तो खेळ वाटला.

तिथून सरळ घरी गेलो. ताई ओटीवर तांदूळ निवडत होती.

"ऐकलं," ती म्हणाली. "तू नाय घेतलंस."

"लोकांनी घेतलं."

"हां. पाय धू, जेवायला बस."

आई आता तिला बाय म्हणते. बाबा नुसतं "अगो" म्हणून हाक मारतात. मी ताई म्हणतो. कुणी ठरवलेलं नाही, पण ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. मुंबईत मला घर कुठे विचारतात तेव्हा मी मुरबाड तालुका सांगतो, गावाचंही नाव अभिमानाने सांगतो. मनात मात्र एवढंच असतं, की जत्रेचा भोंगा सोडला तर सगळ्या मुलखात आमचं घर ही एकच जागा उरली आहे जिथे माझ्या बहिणीला ते नाव ऐकावं लागत नाही.