जावयाने बुजवलेला खड्डा

तर जावई अर्ध्या जेवणातून उठला, इथपर्यंत आलो होतो आपण. हातातला घास हातात, आणि हा स्वयंपाकघराच्या भिंतीला नाक लावून उभा. आमची ही म्हणाली, "अहो जावईबापू, भिंत कुठं पळून जात नाही, भाजी निवतेय." तर म्हणतो कसा, "पळत नाही, आई, सरकते. पळाली असती तर निदान दिसली असती."

काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. आमचा जावई पोकलेन चालवतो. इमारतीचा पाया घालण्याआधी जमिनीत जो भलाथोरला खड्डा घ्यावा लागतो, तो याचा. वर घरं उभी राहतात, लोक पडदे लावतात, तोवर हा दुसऱ्या कुठल्या तरी खड्ड्यात उतरलेला. साइटवर त्याला भोवरा म्हणतात. बसला तरी गुडघा हलत असतो. लग्नाच्या बोलणीला आला तेव्हा तो गुडघा असा काही हलत होता की मला वाटलं, पोराला नकार द्यायचाय आणि तोंड उघडत नाहीय. यंत्रावर चढला की मात्र गुडघा गप्प. तो लोखंडी हात अंड्याला टेकवून मागे घेईल आणि कवच तडकणार नाही, असं त्याचे सोबती सांगतात. मी काही तो प्रयोग पाहिलेला नाही. बरीच अंडी वाया गेल्याचं लेकीकडून कळलंय.

आमच्या शेजारचं जुनं घर पाडून तिथं मोठी इमारत उठायची ठरली. गाड्या ठेवायला जमिनीखाली दोन मजले, म्हणजे खड्डाही तसाच खोल. आणि काम आलं आमच्याच जावयाकडे! मी खूश. म्हटलं, रोज दर्शन होईल. त्याचा चेहरा उतरलेला. "बाबा," म्हणाला, "दुसऱ्याच्या भिंतीलगत खणताना मला नुसती भिंत दिसते. तुमच्या भिंतीलगत खणताना आतली भांडीसुद्धा दिसतात."

त्या बाजूच्या भिंतीला आमच्याकडे तीन जुन्या भेगा. एक बैठकीत, एक झोपायच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. खणायच्या आधी इंजिनिअरबाईंनी प्रत्येक भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवली. भेग जरा जरी रुंदावली तर काच तडकणार, आणि काच तडकली की खोदकाम बंद. भिंतीच्या पायाशी मातीचा एक पट्टा आधाराला ठेवलेला होता. तो तुकड्यातुकड्याने काढायचा, आणि एका तुकड्यात काँक्रीट भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

झालं, पोराची झोप उडाली. भरलेला डंपर गेला आणि रिकामा यायचा आहे, तेवढ्यात हा मागच्या दाराने आत. बैठकीतल्या काचेवर बोट फिरव, खोलीतल्या काचेवर फिरव, स्वयंपाकघरातल्या काचेवर फिरव. तिथं फोडणीचा धूर बसून काच चिकट झालेली, म्हणून बोट पँटला पूस, आणि पळ. चहा दिला तर उभ्याउभ्या, आणि तोही अर्धा.

"डॉक्टरसुद्धा पेशंटला इतक्यांदा बघत नाही हो," ही म्हणायची.

"पेशंट दुखलं की ओरडतो, आई. ही भिंत कुठं ओरडतेय?"

साइटच्या सुपरवायझरला घाई झालेली. एके सकाळी ही कपडे वाळत घालत होती, तेव्हा तो पलीकडून ओरडला, "भोवऱ्या, सासुरवाडीची काच फुटली म्हणून काम थांबवलंस, तर दुसरा ऑपरेटर आणीन, लक्षात ठेव!" हिने ते ऐकलं. मला अक्षराने बोलली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी जावई सकाळच्या पहिल्या फेरीला नेहमीसारखा आला. बैठक झाली, खोली झाली. स्वयंपाकघरातल्या काचेवर बोट फिरवलं, सवयीने पँटकडे नेलं, आणि तिथंच थांबला. बोट कोरडं!

"आई, ही काच पुसलीत?"

"पुसली की. कळकट दिसत होती."

"काचेलगतची भिंतीवरची फरशी तेवढीच कळकट आहे. ती नाही पुसलीत?"

हिने हातातली पळी खाली ठेवली. मग निघालं सगळं बाहेर. आदल्या संध्याकाळी, खणणं थांबल्यावर, कांदा चिरताना टक्कन आवाज आला, बघते तर काच मधोमध दुभंगलेली. हिने तुकडे काढले, बैठकीतल्या माझ्या फोटोची काच सोडवली, कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून पट्टी कापून आणली आणि न्हाणीघराच्या कामातून उरलेल्या पांढऱ्या सिमेंटने डकवून दिली. माझा फोटो उघडाबोडका लटकतोय हे मला कळलंसुद्धा नाही. देखण्या माणसाचं असंच होतं!

"पण का, आई?"

"भिंत म्हातारी आहे, काढेल आणखी थोडी कळ. तुमचं काम गेलं तर माझ्या लेकीने बघायचं कुणाकडे?"

तो मागच्या दाराकडे वळला. जे धावत सुटला ते थेट यंत्रावर. मी खिडकीशी गेलो. बघतो तर सकाळी उकरलेल्या तुकड्यात हा माती परत लोटतोय! बकेटमागून बकेट, आमच्या भिंतीच्या पायाशी. वर बकेटच्या पाठीने थापटतोय, दाबतोय, पुन्हा ओततोय.

सुपरवायझर धावत आला. "अरे, खड्डा खणायला ठेवलाय तुला, बुजवायला नाही!"

"काच काल फुटलीय."

"मी सकाळी खिडकीतून बघितली. धडधाकट आहे!"

"ती सासऱ्यांच्या फोटोची आहे."

मला हसू आवरेना, आणि सुपरवायझरने असं बघितलं की मी खिडकीतून मागे झालो. जावयाने माती दाबायचं थांबवलं नाही. इंजिनिअरबाई आल्या, भेगेवरून नखाने रेघ ओढली, आणि काम बंद म्हणाल्या. सुपरवायझर त्याला म्हणाला, "उद्यापासून तोंड दाखवू नकोस." बाई म्हणाल्या, ते मी ठरवीन. दोघांची जुंपली ती तिथंच, मातीच्या ढिगावर.

जावई घामाने निथळत आत आला. ही स्वयंपाकघरात खाली बसलेली, पाठ त्याच भिंतीला टेकलेली, डोळे भरलेले.

"माझ्यापायी तुमचं काम गेलं ना हो?"

"काम गेलं की राहिलं ते मागाहून बघू, आई, तुम्ही आधी त्या भिंतीपासून उठा."