मुलुंडहून व्हिएतनाम, अंधेरीमार्गे

काठपदराची साडी नेसून रिक्षात बसू नये, हे मला भांडुपच्या सिग्नलला कळलं. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "आजी, कोणाचं लग्न?"

"लग्न नाही रे बाबा, सून दाखवायला नेतेय."

शेजारी बसलेल्या सुनेने, मानसीने, कपाळाला हात लावला. "आई, तिथे असलं काही बोलू नका हं. फक्त 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणायचं."

प्रकार असा होता. मानसीच्या कंपनीला व्हिएतनामच्या कारखान्यावर दोन वर्षांसाठी मॅनेजर पाठवायचा होता. शेवटच्या फेरीत ती आणि तिचा एक सहकारी, अशी दोघंच उरली होती. आणि निवडीआधी साहेबांना घरची माणसंही बघायची होती. माझा मुलगा संदीप 'मीटिंग आहे' म्हणून सटकला. मग राहिले मी.

पवईला रिक्षा अडकली. तलावाकडे बघताना मला पर्सोनेल खात्यातली तिशीतली मी आठवली. आखातात, आफ्रिकेत पाठवायची माणसं ह्याच बाई निवडत असत! उमेदवार आत आला की मी आधी त्याचे बूट बघे. बूट चकचकीत, इंग्रजी फाडफाड, की झाला पास. घरचं विचारायचं कशाला? घरी बायको असतेच की. असा एक बूटवाला नैरोबीहून महिन्याभरात परत आला. बूट तसेच चकचकीत होते.

व्हिएतनाम लागला तो मरोळला, एका काचेच्या इमारतीतल्या व्हिएतनामी हॉटेलात; साहेबांनी तिथेच जेवायला बोलावलं होतं. समोर वाडगाभर फो (तांदळाच्या शेवयांचं पातळ सूप), वर मूठभर झाडपाला आणि खायला दोन काड्या. पहिल्याच घासाच्या शेवया थेट पदरावर उतरल्या. चव बरी होती, आजारी माणसाला द्यावी तशी.

साहेब संदीपपेक्षाही लहान. "काकू, मानसी दोन वर्षं इथे नसेल. चालेल ना?"

टेबलाखाली मानसीचा पाय माझ्या पायावर आला.

मला साहेबांच्या खुर्चीत ती बूट बघणारी शहाणी दिसली. गोड उत्तर दिलं की तिने लगेच पास केलं असतं.

"नाही चालणार," मी म्हटलं. "मला करमायचं नाही. नात रडेल. संदीपला साधा भात येत नाही. पहिले काही महिने आमची पार वाट लागणार. पण म्हणून हिला परत बोलावणार नाही, एवढं नक्की." आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "काय हो, पुरुष उमेदवारांच्या आयांनाही हे विचारता का?"

"विचारतो ना. त्या म्हणतात, काही प्रॉब्लेम नाही."

"मग?"

"मग सहा महिन्यांत मुलगा परत येतो."

परतीच्या रिक्षात मानसी खिडकीबाहेर बघत होती. "संपवलंत ना सगळं, आई?" एवढंच बोलली. मी पदरावरचा डाग चोळत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून फसले, असं वाटत होतं.

भांडुपच्या अलीकडे तिचा फोन वाजला. ती नुसतं "हो सर, हो सर" करत राहिली. मग फोन ठेवून माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि रडता रडता हसायला लागली. "सर म्हणाले, तुमच्या घरात निदान एकाला तरी माहितेय पुढे काय होणार ते."

दार संदीपने उघडलं. बातमी ऐकून खूश झाला, बायकोला मिठी मारली आणि विचारलं, "मग आज जेवायला काय?"

मी मानसीला पंख्याखाली बसवलं आणि त्याला स्वयंपाकघरात नेलं. परदेशी जाणारं माणूस निवडून घेता येतं. मागे राहणारं, नशिबाने मिळेल तेच. माझ्या वाट्याला आलेलं माणूस तांदूळ न धुताच कुकरमध्ये ओतत होतं.