टेपवाली बाई

किल्लीताईचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. बाजाराच्या जिन्याखाली, नीट उभं राहिलं तर डोकं आपटेल अशा तिरप्या जागेत, तिचं किल्ल्या करायचं दुकान होतं. एक मशीन, चार कानशी, मागच्या फळीवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि सगळ्यावर पितळेचा भुगा. तो तिच्या केसांत बसायचा, जेवणाच्या डब्यात जायचा. घरी आत्या म्हणायची, या पोरीला हलवलं तर घंटेसारखी वाजेल.

स्वभावाने बाई महाचौकस. किल्ली हातात आली की आधी उलटसुलट करून बघायची आणि मनातल्या मनात तिला एक घर देऊन टाकायची. ही तिजोरीची, म्हणून मुठीत झाकून आणलीय. ही विसरभोळ्या माणसाची, म्हणून हिला एवढा मोठा लोकरीचा गोंडा. ही कुठल्यातरी अडगळीच्या खोलीची, गंजावरूनच कळतंय. मात्र तोंडाने विचारायचं नाही, हा तिचा नेम. किल्ली करणाऱ्याने घर विचारलं की गिऱ्हाईक घाबरतं. इतकी वर्षं एवढ्या चौकस बाईने जीभ आवरली, हे काही थोडंथोडकं नव्हे.

घरी ती आणि आत्या, दोघीच. आत्यानेच तिला लहानाची मोठी केलेली. आत्याची सगळी नोकरी सिनेमा थेटराच्या दारात गेली, तिकिटं फाडण्यात. फुकट घुसणाऱ्याला ती दंडाला धरून बाहेर काढायची आणि तोच माणूस पुढे मिशा वाढवून आला तरी ओळखायची. आता तिला ऐकू कमी यायचं. दुपारचं जेवण झालं की कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवायची आणि आडवी व्हायची.

या आत्याने एका संध्याकाळी सांगितलं, "आज पाहुणे आले होते."

"कोण पाहुणे?"

"मला काय ठाऊक? एक बाई टेप घेऊन खिडकी मोजत होती. पिवळी टेप. मी डोळे उघडले तर हसली आणि गेली. दारात दोघे पुरुष पाठमोरे उभे होते."

किल्लीताईने कपाट उघडून बघितलं, गादी उचलून बघितली. सगळं जागच्या जागी होतं. दाराचं कुलूप तिने स्वतः बसवलेलं. त्याच्या किल्ल्याही तिनेच केलेल्या: एक तिच्याकडे, एक आत्याकडे आणि एक घरमालकांकडे, नळ फुटला किंवा आग लागली तर असावी म्हणून. मालक तर इतके सभ्य गृहस्थ की भाडं न्यायला आले तरी आत पाऊल टाकायचे नाहीत. त्यांच्यावर संशय घ्यायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. ती म्हणाली, "आत्या, स्वप्न पडलं असेल तुला."

पुढच्या आठवड्यात एक टकला माणूस न्हाणीघरातला नळ सोडून बघून गेला म्हणे. मग एक जोडपं आलं, त्यातल्या नवऱ्याला शिंका येत होत्या. किल्लीताईला मोठं नवल वाटायचं. भ्रमच व्हायचा तर माणसाला गेलेली माणसं दिसावीत, जुने दिवस दिसावेत. हिला खिडकी मोजणारी बाई का दिसावी? तिने हे थोरल्या बहिणीला सांगितलं आणि चूक केली, कारण थोरलीला नवलबिवल काही वाटत नसे. तिने लगेच निकाल दिला, "डोक्यावर परिणाम झालाय. उद्या गॅस उघडा ठेवून बसेल." एका वृद्धाश्रमात जागा रिकामी होत होती. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं.

आत्याच्या कानावर हे गेलंच. जे ऐकायला नको ते नेमकं तिला ऐकू यायचं. त्यानंतर तिने पाहुण्यांचं नाव काढलं नाही. फक्त एकदा जेवताना हळूच विचारलं, "पोरी, टेप पिवळीच होती ना गं? का मलाच उगाच तसं वाटतंय?" मिशांमागचा चेहरा ओळखणारी बाई स्वतःच्या डोळ्यांना विचारत होती. किल्लीताईला भरून आलं. सोमवारी थोरलीला हो म्हणायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी दुकानात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन. किल्ली पुढे टाकून म्हणाला, "अशा चार करा."

किल्लीताईने सवयीने किल्ली उलटसुलट केली आणि तिचा हात थांबला. शेवटच्या दातावर कानस तिरकी फिरवायची तिची खोड होती. बाजारात दुसरं कुणी तसं करत नसे. डोक्याच्या कडाही गोल घासलेल्या. आत्याच्या बोटांना टोचतं म्हणून तिने तिन्ही किल्ल्यांच्या कडा तशा घासल्या होत्या. एखाद्या आईला परक्याच्या कडेवर आपलं पोर दिसावं, तसं झालं तिचं.

इतक्या वर्षांचा नेम तिने त्या घटकेला मोडला. "कुठल्या घराची हो?"

माणूस बोलका निघाला. तो घरांचा दलाल होता. "इथं पलीकडेच. विकायचंय. भाडेकरू बाई दिवसभर बाहेर असते, तिला कशाला त्रास? एक म्हातारी असते, पण ती झोपलेली आणि वर ठार बहिरी. आम्ही आमचं बघून येतो. सारखी मालकांकडे किल्ली मागायची म्हणजे खेपा पडतात."

"कुणी टेप घेऊन आलं होतं का?"

"त्या बाई ना? पडद्यांची मापं घेत बसल्या, घर अजून घ्यायचंय." तो हसता हसता थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

खरं म्हणजे किल्लीताईला संताप यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर. आधी तिचा जीव भांड्यात पडला आणि ती इतकी मनापासून हसली की दलाल दोन पावलं मागे सरकला. "मीच ती भाडेकरू," ती म्हणाली. "मालकांना म्हणावं, किल्ली न्यायला स्वतः या."

मालक दुकानात आले. चेहरा पडलेला, पण बोलणं ताठ. "ताई, घर माझंच आहे ना? दोन मिनिटं लोक डोकावले तर काय बिघडलं?"

"भिंती तुमच्या, मालक. पण भाडं घेता तोवर आत राहणं आमचं. तुम्हाला विकायचं तर विका, पुढचं पुढे बघू. लोकांना घर दाखवावं लागणार, त्यालाही ना नाही. पण आदल्या दिवशी विचारायचं, आम्ही हो म्हटल्यावर यायचं आणि बेल वाजवायची. ही किल्ली आगीसाठी दिलीय, गिऱ्हाइकांसाठी नाही. करारात तुम्हीच तसं लिहिलंय."

"बरं, चुकलं. द्या किल्ली."

"आधी घरी चला. जे झालं ते आत्याला सांगा."

घराचा जिना चढताना मालक घाम पुसत होते. बाकी काही मागितलं असतं तर त्यांनी सुखाने दिलं असतं. आत्या नुकतीच उठली होती. किल्लीताईने वाटीतलं यंत्र तिच्या हातात दिलं. आत्याने ते सावकाश कानात बसवलं आणि मालकांकडे बघितलं.

"आत्याबाई, लोक आले होते घर बघायला," मालक म्हणाले. "मी पाठवले. तुम्हाला न सांगता."

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.

"खिडकी मोजणारी बाई?"

"आली होती. मी तेव्हा दारातच उभा होतो."

"टेप कसली होती?"

मालकांनी आठवून बघितलं. "पिवळी."

आत्याचे ओठ थरथरले, आणि किल्लीताईने मान खाली घातली, कारण तिच्याकडे बघायची हिंमत होईना. माझी आत्या शहाणी होती आणि मीच तिला वेडी ठरवत होते, एवढं एकच तिच्या मनात येत राहिलं.

मालकांना वाटलं, मिटलं. ते धीर करून म्हणाले, "त्या बाई आता खालीच गाडीत बसल्यात. आलेच आहोत तर पाच मिनिटं बघू द्या का?"

आत्याने पदराने डोळे पुसले, उठली आणि दार धरून उभी राहिली, पूर्वी थेटराच्या दारात राहायची तशी. "आज नाही. उद्या चारला. बेल वाजवा, मी उघडेन."

मालक किल्ली घेऊन खाली गेले. त्यांची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत आत्या ऐकत होती. मग वळून म्हणाली, "पोरी, थोरलीला फोन लाव. आणि माझ्या हातात दे."